रेकॉर्डर शिकताय? मग या चुका टाळा

रेकॉर्डर म्हणजे शिट्टीसारखं टोक तोंडात धरून फुंकायची पाश्चात्य बासरी, इथे त्यातल्या नेहमीच्या लहान, सोप्रानो रेकॉर्डरचं सांगते. नवीन रेकॉर्डर आणला, फुंकला आणि घरभर नुसती चीं चीं, की लगेच लोक म्हणतात स्वस्तातला प्लॅस्टिकचा घेतला ना, म्हणून. तसं नसतं हो. चांगल्या कंपनीचा एबीएस म्हणजे टणक प्लॅस्टिकचा रेकॉर्डर छान सुरात असतो आणि नवशिक्याने तोच घ्यावा. चिरकण्याचं कारण बहुतेक वेळा दोनच, फुंक जास्त नाहीतर कुठलं तरी भोक नीट बंद नाही.

फुंकेचं आधी सांगते. आपल्या बासरीत हवेची धार ओठांनी घडवावी लागते, रेकॉर्डरमध्ये ते काम तोंडाकडची खाच आपणहून करते, त्यामुळे तुम्ही फक्त हळू आणि सलग श्वास सोडायचा, बास. सगळी भोकं बंद केल्यावर येणारा खालचा सी (पाश्चात्य सुरांतला) तर अगदी कमी हवा मागतो, जरा जोर लावला की तो थेट वरच्या सप्तकात उडतो आणि मुलांना वाटतं आपली बोटं चुकली. शिवाय प्रत्येक सूर ‘फू’ करून नाही, जिभेने ‘दु’ म्हणत सुरू करायचा. दातांनी चावून धरू नका, नुसते ओठ पुरेत.

आता भोकं. ती बोटाच्या टोकाने बंद करायची नाहीत, शेवटच्या पेराच्या मऊ गादीने करायची. तपासायची एक सोपी युक्ती आहे, सगळी भोकं बंद करून बोटं जरा दाबा, मग उचलून बघा, प्रत्येक बोटावर भोकाचं पूर्ण गोल वळ दिसलं पाहिजे. जिथे अर्धाच गोल आहे तिथूनच हवा निसटतेय. पण हे फक्त तपासण्यापुरतं हं, वाजवताना असं दाबत बसलात तर बोटं आखडतात. डावा हात वर, उजवा खाली, डावखुऱ्यांनाही हेच. आणि करंगळी पोचत नाही म्हणून मुलं सगळा हात वाकडा करतात, त्यापेक्षा खालचा तुकडा थोडा फिरवून भोक करंगळीसमोर आणा ना, तो फिरवता येतो तो त्यासाठीच!

बोटं बरोबर आणि तरी एफ बेसूर येतोय? रेकॉर्डरमध्ये बोटं ठेवायच्या दोन पद्धती असतात, जर्मन आणि बरोक. मग तुमच्याकडे जर्मन रेकॉर्डर आहे आणि पुस्तक बरोकचं आहे, किंवा उलट. पुढची भोकं वरून मोजा, चौथं पाचव्यापेक्षा मोठं असेल तर जर्मन, पाचवं मोठं असेल तर बरोक. जर्मनवर एफ सोपा, मागचं अंगठ्याचं भोक आणि पुढची वरची चार भोकं बंद की झालं, बरोकवर त्याच्या जोडीला सहावं-सातवंही झाकावं लागतं. सोपं म्हणून बरेच जण जर्मन घेतात, पण पुढे एफ शार्प, म्हणजे एफच्या अर्धा सूर वरचा, आला की तो सुरात लावताना रडकुंडीला येतात, म्हणून माझं ठाम मत, पहिल्यापासून बरोकच घ्या. यामाहाचा घेत असाल तर वायआरएस-२४बी बरोक आणि वायआरएस-२३ जर्मन, दुकानात नंबर बघूनच पैसे द्या.

वाजवता वाजवता आवाज अचानक घोगरा झाला तर ते बिघडणं नाही, श्वासातली वाफ थंड खाचेत पाणी होऊन बसते. एसीच्या खोलीत हे हमखास होतं, म्हणून सुरुवातीला वरचा तुकडा दोन-तीन मिनिटं मुठीत गरम करा. तरी पाणी साचलं तर खिडकीसारख्या भोकावर बोट हलकेच ठेवून जोरात फुंका, पाणी निघून जातं. त्या खिडकीची धारदार कड मात्र नख, टाचणी, काडी कशानेही कोरू नका, सगळा आवाज त्या कडेवर आहे, तिला ओरखडा गेला की तो वरचा तुकडा गेलाच.

चहा-वडापाव खाल्ल्यावर चूळ भरूनच वाजवा. वाजवून झालं की तुकडे सोडवून आतून मऊ कापडाने पुसा, ओलाच पिशवीत कोंबू नका, पावसाळ्यात तर नाहीच. प्लॅस्टिकचा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुता येतो, उकळतं पाणी नको, उन्हात गाडीतही ठेवू नका. लाकडी कधीच धुवायचा नाही. तो नवा असताना पहिले काही आठवडे रोज १०-१५ मिनिटंच वाजवायचा, अधूनमधून आतून तेलाचा पातळ हात द्यायचा, पण तोंडाकडच्या लाकडी ठोकळ्याला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, त्याला श्वासातलं पाणी शोषायचं असतं.