बंदूक दुरुस्तीला नेताय? आधी हात आवरा

गेल्या श्रावणात कोल्हापूरला आमच्या बंदूक दुरुस्तीच्या मिस्त्रींच्या दुकानात बसलो होतो. एक गृहस्थ आले, आमच्या कणकवलीकडचेच. खांद्याला रेक्झिनची लांब पिशवी, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा टेबलावर पालथा केला आणि दुनळी बंदुकीचं अख्खं पोट बाहेर आलं. स्क्रू, स्प्रिंगा, एक घोडा आणि एक पितळी वायसर. "मिया इस्क्रू काडूनच हाडलंय, तुमचो येळ वाचात," ते मोठ्या कौतुकाने म्हणाले. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर ढकलला, वायसर बोटात धरून उजेडाला नेला आणि म्हणाले, "ह्यो तर बंदुकीचा न्हाईच."

माझ्याकडे वडिलांकडून आलेली बारा बोअरची दुनळी आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. तिच्या निमित्ताने या दुकानात पुष्कळ वर्षं चहा पितोय. एवढं पाहून झालंय की तिथे येणारं बरंचसं काम मूळ बिघाडाचं नसतं. मालकाने, त्याच्या मेव्हण्याने किंवा नाक्यावरच्या वेल्डरने आधी करून ठेवलेल्या 'दुरुस्ती'चं असतं.

घरचा स्क्रू ड्रायव्हर

जुन्या विलायती दुनळीचे स्क्रू नीट पाहा. चांगल्या कारागिराच्या हातची असेल तर प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या रेषेत, सरळ उभी दिसते. नुसती शोभा म्हणून नव्हे. एखादी खाच तिरकी झाली असेल तर आत कुणीतरी हात घालून गेलंय, हे मिस्त्रींना बंदूक उघडायच्या आधीच कळतं. ती खाच केसासारखी बारीक आणि सरळ भिंतींची असते. आपला दुकानातला स्क्रू ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा. तो खाचेच्या फक्त तोंडाशी अडकतो, जोर लावला की उसळतो आणि वर नक्षीवर एक चमकता ओरखडा ठेवून जातो. मिस्त्रींच्या खणात वीसेक पेचकस आहेत, आणि तरी नवी बंदूक आली की त्यांतला एखादा ते दगडावर घासून त्या एका स्क्रूपुरता बसवतात. दहा मिनिटं घासणं, अर्ध्या मिनिटात स्क्रू बाहेर. बघणाऱ्याला वाटतं म्हातारा वेळ काढतोय.

शिवाय हे स्क्रू एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ज्याचं भोक त्यालाच. डब्यात एकत्र खुळखुळत आणले की आधी ते जुळवायचं काम. आतली मोठी स्प्रिंग इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकवलेली पाती असते. ती काढायला वेगळा शिकंजा लागतो. पकडीने चिमटली तर मोडते, आणि तशी स्प्रिंग बाजारात तयार मिळत नाही. पोलाद कापून, घासून, पाणी देऊन नवी करावी लागते. कणकवलीच्या गृहस्थांची तशीच मोडली होती. "तुमचा येळ वाचला, माझं चार दिस गेलं," एवढंच मिस्त्री म्हणाले.

माझी सवय सांगतो. बंदूक बिघडली की मी ती फक्त रिकामी करतो, दोनदा तपासतो आणि जे झालं ते कागदावर लिहितो. उजवी नळी की डावी, काडतूस कुठलं, पिनेचा ठसा काडतुसाच्या टोपीवर खोल उमटला की उथळ. न फुटलेलं काडतूस लगेच उघडायचं नाही. नळी मोकळ्या जागेकडे धरून अर्धा मिनिट थांबायचं, मगच काढायचं. असं काडतूस घरी ठेवू नका, मिस्त्रींना दाखवा. त्या एका ठशावरून ते निम्मं निदान करतात.

सुतार कितीही चांगला असला तरी

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर.

वडिलांच्या बंदुकीच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडाला, मानेशी चीर गेली होती. मिस्त्रींनी सांगितलं, नवा दस्ता अक्रोडाचा करावा लागेल, लाकूड यायचं आहे, पाच-सहा आठवडे धरा. तेव्हा भात पोटरीला आलेलं, रानडुकरं रात्री येऊन निम्मा कोपरा लोळवून जात होती. माझ्याकडे सहा आठवडे नव्हते. म्हणजे होते, पण धीर नव्हता. सावंतवाडीकडचा एक सुतार माहितीतला. हातात जादू असलेला माणूस, देवघरं करतो, लाकडी फळं अशी करतो की माशी बसावी. त्याच्याकडे जुना दस्ता घेऊन गेलो. बंदूक अर्थातच घरी, ती कुणाच्याही हाती द्यायची नसते. त्याने आठ दिवसांत सागवानी दस्ता करून दिला. दिसायला जुन्यापेक्षा देखणा.

चौथ्या बाराला 'कट्' असा आवाज झाला. मला वाटलं फांदी मोडली. बंदूक खाली घेतली तर दस्ता मानेपासून बोटभर फाटलेला.

तो घेऊन मिस्त्रींकडे गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी रॉकेलची चिमणी पेटवली. तिची काजळी बॉडीच्या मागच्या लोखंडाला धरली, काळं झालेलं लोखंड माझ्या सागवानी दस्त्यात दाबलं आणि काढलं. आत दोनच काळे ठिपके उमटले, बॉडीच्या मागे निघालेल्या लोखंडी शेपटीच्या दोन बाजूंना एकेक. "एवढ्याच जागेवर सगळा धक्का बसत हुता," ते म्हणाले. बार झाला की बंदूक मागे येते, आणि तो धक्का लाकडाने सगळ्या तोंडाने मिळून झेलायचा असतो. दोनच ठिकाणी टेकलं तर लोखंड पाचर होतं. ओंडक्यात पाचर ठोकल्यावर जे होतं तेच झालं.

सुताराची यात काय चूक? त्याने नमुना बरहुकूम केला. तो नमुना मुळात फुटका, तेलाने भिजून दबलेला होता. जुन्यातल्या फटी नव्यातही आल्या. शिवाय लाकडाच्या रेषा मानेत लांबीने जायला हव्यात. देखण्या नक्षीसाठी त्याने पट्टा तिरका घेतला होता, आणि मान हीच दस्त्याची सगळ्यांत बारीक जागा.

नंतरचा अक्रोडाचा दस्ता मी बसताना पाहिला. काजळी, दाबणं, काढणं, काळा ठिपका पटाशीने इतका पातळ तासणं की चोईटं फुंकरीने उडावं, पुन्हा काजळी. दोन दिवस फक्त हेच. शेवटी लोखंड काढलं तेव्हा आतलं सगळं तोंड एकसारखं काळं झालेलं. मजुरी ऐकून मी आधी "लाकडाचे एवढे?" म्हणालो होतो, त्याची लाज अजून वाटते. भावाची घासाघीस मासळी बाजारात करा.

वेल्डिंग, पत्रा आणि चकाचक पॉलिश

दुनळी जुनी झाली की बिजागरीची पिन झिजते आणि नळ्या बॉडीशी घट्ट बसत नाहीत. रिकामी बंदूक बंद करून, पुढचं लाकूड काढून हलवली की बारीक खडखड जाणवते. यावर लोक काय करतात? कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून फटीत घालतात. किंवा लेथवाल्याकडे नेऊन नळीच्या हुकावर वेल्डिंगचा थर चढवतात. पत्रा पन्नास बारांत चुरगळतो. वेल्डिंग त्याहून वाईट, कारण दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी साध्या कथलाच्या डाकाने जोडलेली असते. त्या डाकाला दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. एका टोकाला ज्योत लावली की दुसरीकडे पट्टी सुटलीच म्हणून समजा. शिवाय हा लेथवाला परवानाधारक नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र दुरुस्तीला स्वतंत्र परवाना लागतो. 'ओळखीचा आहे' हा परवाना नव्हे. खरा इलाज म्हणजे नवी, किंचित जाड पिन, तीही मापाने घासून बसवलेली.

नळीचा काळानिळा रंग उडाला की 'दोन दिवसांत नवीकोरी' करून देणारेही भेटतात. कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात बुडवून रंग चढवायची ती पद्धत एकसंध नळीला चालते. दुनळीत तोच डाक खाल्ला जातो, आणि सांध्यात शिरलेलं कॉस्टिक पुढे कित्येक महिने आतून गंज काढत राहतं. दुनळीचा रंग जुन्या रीतीने चढवावा. औषध लावून मुद्दाम बारीक गंज आणायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, तारेच्या ब्रशने हलके झाडायचा, पुन्हा गंज आणायचा. सात-आठ फेऱ्या. घाई करता येत नाही. पॉलिश पेपरने नळी घासून आणलेली माणसं पाहिली की मिस्त्री आधी भिंतीची जाडी मोजतात, मग बोलतात.

किरकोळ, पण रोजच्या

खोबरेल तेल. कोकणातल्या प्रत्येक घरात हेच. केसांना लावा. थंडीच्या पहाटे ते थिजतं, वर्षभराने चिकट होतं आणि घोडा झोपेत असल्यासारखा पडतो. बंदुकीचं पातळ तेल वापरा, तेही कमी.

चामड्याचं कव्हर पावसाळाभर. नळीला बुरशीच्या आकाराचा गंज येतो. कव्हर प्रवासापुरतं, घरी सुती कापड.

रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून 'टक् टक्' करणं. पिना मोडतात. नकली काडतुसं मिळतात, ती घ्या.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करण्याआधी तेलाचा हात फिरवून द्या, आणि परत घेतल्यावर पहिल्या बाराआधी नळ्या काढून खिडकीच्या उजेडात आतून पाहा. आत काळी कडी दिसली तर नळी फुगलेली आहे, चंद्रकोरीसारखी सावली दिसली तर पोचा आहे. दोन्हीत बार काढायचा नाही.

काडतुसाची लांबी. यावर मात्र जरा थांबा. जुन्या विलायती बंदुकांची कोठी, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बहुधा अडीच इंची असते, आणि पावणेतीन इंचाचं काडतूस तिच्यात अगदी सहज बसतं. तिथेच फसगत होते. खोक्यावरची लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. बार होताना ते तोंड उघडायला पुढे जागा नसते, आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, हे बंदुकीत खरं नाही. नळीच्या खालच्या सपाट भागावरचे शिक्के मिस्त्रींकडून एकदा वाचून घ्या आणि लांबी घरी लिहून ठेवा. फक्त बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी तपासलेली नळी असेल तर आजचं काडतूस घालूच नका.

"नळी जरा कापून आखूड करून द्या" असं तर विचारूसुद्धा नका. कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. चांगला मिस्त्री तुम्हाला दार दाखवतो. जो "बघू, करू" म्हणतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

चांगला मिस्त्री मी असा ओळखतो. बंदूक हातात घेताच तो आधी रिकामी आहे का ते बघतो, आणि तुम्ही दहादा सांगितलं असलं तरी बघतो. परवाना मागतो, बंदुकीवरचा नंबर त्याच्याशी ताडतो, रजिस्टरात नोंद करतो. मग प्रश्न विचारतो. काही कामांना सरळ नाही म्हणतो. बदललेला जुना भाग कागदात बांधून परत देतो. तारीख देताना पुढची देतो. "उद्या न्या" म्हणणाऱ्याची मला भीती वाटते. आणि भाताला डुकरं लागल्यावर धावण्यापेक्षा लावणी उरकली की न्या, तेव्हा त्यांच्याकडे गर्दी नसते.

कागदांचं थोडक्यात. स्वतः जाणं जमत नसेल तर परवानाधारकाच्या लेखी पत्रावर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला नेऊ शकतो, कलम ३ मध्ये तशी सोय आहे. तोंडी सांगणं चालत नाही. परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे तेही वाचा. जिल्ह्यापुरता असेल तर कोल्हापूरला जायला फोंडा घाट चढायच्या आधी परवानगीचं बघा.

आणि पावती दुकानातच, चष्मा लावून वाचा. माझ्या पावतीवर एकदा नंबरातल्या ३ चा ८ झाला होता. घाटाखाली नाकाबंदीत हवालदारसाहेबांनी बंदुकीवरचा नंबर बॅटरी मारून तीनदा वाचला, परवाना वाचला, पावती वाचली आणि मला जीपशेजारी उभं केलं. पावसात. रात्री साडेनऊला मिस्त्रींनी फोनवर रजिस्टरातली ओळ वाचून दाखवली, तेव्हा सुटलो.