सायगॉनमध्ये बान मी आणि कॉफी कशी शोधावी

हो ची मिन्ह सिटीला तिथले लोक अजूनही सायगॉनच म्हणतात. आपल्याकडून जाणारे बरेच जण तिथे हॉटेलच्या बुफेतच नाश्ता उरकतात. निदान एक सकाळ तरी तो बुफे सोडा.

1. लवकर निघा. बान मी म्हणजे लांबट पावात भरलेलं सँडविच. ते दिवसभर मिळतं, पण खरी गंमत सकाळी सहा ते आठमध्ये. गल्लीच्या तोंडाशी काचेच्या पेटीची गाडी आणि स्कूटरवरून न उतरताच पार्सल घेणारी माणसं दिसली, की तिथेच थांबा. नकाशावरच्या रेटिंगपेक्षा मी या स्कूटरवाल्यांवर जास्त विश्वास ठेवीन.

2. पाव बघा. पाव फ्रेंचांनी आणला, पण इथल्या लोकांनी तो हलका केला. वरून ब्रुनसारखा कडक, आतून जवळजवळ पोकळ. गाडीवाली तो निखाऱ्यावर किंवा ओव्हनमध्ये गरम करून देत असेल तर उत्तम.

3. आत काय हवं ते आधी ठरवा. नेहमीच्या बान मीत कलेजीचं पाते (पावाला लावायचा मऊ लगदा), डुकराच्या मांसाचे काप, मेयोनीज, गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं, काकडी, कोथिंबीर आणि मिरची असते. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, पाते आत राहतंच. शाकाहारी असाल तर ‘बान मी चाय’ मागा. या ‘चाय’चा चहाशी काही संबंध नाही, ते बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. शब्दाचं व्हिएतनामी स्पेलिंग फोनमध्ये ठेवा, म्हणजे पाट्या ओळखता येतील. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला पुष्कळ बौद्ध लोक मांस टाळतात, त्यामुळे तेव्हा असे पदार्थ सहज सापडतात. अंडं चालत असेल तर ‘ऑप ला’ म्हणा. काव थांग रस्त्यावरचं, 1958 पासूनचं ‘होआ मा’ तव्यातल्या अंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तव्यात मांसही असतं, आणि दुकान फक्त सकाळीच चालतं.

4. मग कॉफी. व्हिएतनाम हा जगातला रोबस्टा जातीच्या कॉफीचा सर्वांत मोठा उत्पादक देश, त्यामुळे कॉफी कडू आणि जबरदस्त कडक. ‘का फे सुआ दा’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्क आणि बर्फ घातलेली. दूध तळाशी बसतं, ढवळल्याशिवाय पिऊ नका. पेल्यावर ठेवलेल्या ‘फिन’ गाळणीतून थेंब थेंब उतरत असेल तर चार-पाच मिनिटं गप्पा मारा. आपल्या दूधकॉफीची सवय असलेल्यांनी ‘बाक शिऊ’ने सुरुवात करावी, त्यात दूध जास्त, कॉफी नावाला.

जुनी चव हवी असेल तर कापडी गाळणीची कॉफी शोधा. ‘चेओ लेओ’ हे छोटं दुकान 1938 पासून ती करतं. पत्ता जुन्या डिस्ट्रिक्ट 3 मधला. 2025 मध्ये डिस्ट्रिक्ट रद्द झाले, तरी रस्ता विचारताना जुनाच आकडा उपयोगी पडतो. अनेक ठिकाणी कॉफीबरोबर बर्फाचा फिका चहा न मागता येतो. त्याचे पैसे बहुधा लागत नाहीत.

5. पैसे. गाडीवर रोखच बरी. साधा बान मी साधारण 20 ते 40 हजार डाँगला पडतो. बोलताना ‘हजार’ गाळतात. फक्त एक लक्षात ठेवा, 20 हजार आणि 5 लाखांच्या नोटा दोन्ही निळसर आहेत. पहाटेच्या अंधारात शून्यं मोजूनच द्या.