कॅसेट चालत नाही? आधी फुंकर मारणं थांबवा

जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट घातली, बटण दाबलं आणि पडद्यावर नुसती रंगीत चौकड्यांची रांगोळी. अशा वेळी हात आपोआप कॅसेट तोंडाजवळ नेतो. फुंकर मारली की गेम चालतोही, पण ते श्रेय फुंकरीचं नाही. कॅसेट काढून पुन्हा घातल्यावर मशीनच्या पिना किंचित वेगळ्या जागी टेकतात, एवढंच. फुंकरीतला ओलावा मात्र कॅसेटच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांवर राहतो आणि वर्षानुवर्षांनी त्यांच्यावर हिरवट बुरशीसारखा गंज धरतो.

खरा उपाय म्हणजे कापसाचे इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते ९० टक्के किंवा त्याहून तीव्र घ्या. ७० टक्केवाल्यात पाणी जास्त असतं, ते सुकायला वेळ लागतो. इअरबड ओला करा, टपकेल इतका नको. पट्ट्यांवरून आतून बाहेर, पट्टीच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवं घासलं तर एका पट्टीची घाण दुसरीवर जाते आणि कापसाचे तंतूही अडकतात. पहिला बड बहुधा काळाकुट्ट निघतो, मग करडा, मग पिवळसर. बड स्वच्छ निघेपर्यंत दोन्ही बाजू पुसत राहा. शेवटी कोरडा बड फिरवा आणि दहा मिनिटं थांबा.

हट्टी डाग राहिला तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने चालतो. सँडपेपर आणि पितळ चमकवायची पेस्ट यांना मात्र हात लावू नका. पट्ट्यांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या वेळी गंज लवकर येतो.

पट्ट्या लखलखीत करूनही एनईएसचा (निन्टेन्डोचं जुनं गेम मशीन, म्हणजेच कन्सोल) लाल दिवा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा कन्सोलमधल्या, कॅसेट ज्यात बसते त्या ७२ पिनांच्या कनेक्टरचा. या मशीनमध्ये एक कुलूप-चिप असते आणि तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींचं बोलणं तुटलं की कन्सोलमधली चिप साधारण दर सेकंदाला मशीन रीसेट करते, म्हणून तो दिवा मिणमिणतो. १९८३च्या फॅमिकॉममध्ये, म्हणजे एनईएसच्या जपानी भावंडात, ही चिपच नाही, आणि त्याच्या कॅसेटला पिना ६०. कनेक्टर सुटा काढून पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा, झटकून किमान २४ तास वाळवा. जुना कनेक्टर उकळून वापरणंच बरं. बाजारातले स्वस्त नवे कनेक्टर कॅसेट इतकी घट्ट धरतात की ती बाहेर काढताना घाम फुटतो.

आता सेव्हची गोष्ट. गेम चालतो, पण बंद केल्यावर सगळी प्रगती पुसली जाते, म्हणजे आतला सेल संपला. एनईएस आणि त्यानंतरच्या सुपर एनईएसच्या कॅसेटमध्ये सहसा सीआर २०३२ असतो, हातात धरून खेळायच्या गेम बॉयच्या बऱ्याच कॅसेटमध्ये सीआर १६१६ किंवा सीआर २०२५. उघडून जुन्या सेलवरचा आकडा वाचा, अंदाजाने विकत घेऊ नका. या कॅसेटना ३.८ मिलिमीटरचा गेमबिट हा खास स्क्रूड्रायव्हर लागतो; सुपर एनईएस कन्सोलच्या स्क्रूला ४.५ मिलिमीटरचा. पेन वितळवून बनवलेला जुगाड एखाद्या वेळी चालतो, पण स्क्रूचं डोकं झिजलं की फसलात.

मल्टीमीटरने सेल मोजा. नवा साधारण ३ व्होल्ट दाखवतो. २.५च्या खाली आला असेल तर बदलाच, कारण सेव्ह धरून ठेवणाऱ्या चिपला साधारण २ व्होल्ट तरी लागतात. सेल काढला की सेव्ह गेलंच, त्यामुळे ते हवं असेल तर आधी कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने संगणकावर उतरवून घ्या.

नवा सेल पत्र्याच्या पाकळ्या आधीच जोडलेलाच आणा. नुसत्या सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर तापून तो फुटू शकतो. जुन्या पाकळ्यांवरचं सोल्डर वितळवून सेल काढा, धन-ऋण खुणा बोर्डवर पाहून नवा बसवा. सोल्डरिंग आयर्न साधारण ३५० अंशांवर ठेवा आणि एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर बोर्डवरचा तांब्याचा थर उचलला जातो. मग गेम सेव्ह करा, कॅसेट रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी पाहा. लगेच तपासलं तर शिल्लक चार्जमुळे सेल नसतानाही सेव्ह दिसू शकतं.

एक अपवाद: गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पोकेमॉन रुबी आणि सफायरमध्ये सेल फक्त घड्याळासाठी असतो. तो संपला असा संदेश आला तरी सेव्ह सुरक्षित राहतं. घाबरून काही पुसू नका.

अ‍ॅडॉप्टर लावतानाही एकदा वाचा. एनईएसचा मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो, तर सुपर फॅमिकॉमला (सुपर एनईएसचं जपानी रूप) डीसी लागतो आणि तोही मधली पिन ऋण असलेला. प्लग बसला म्हणजे वीज जुळली असं नाही. चुकीचा अ‍ॅडॉप्टर मशीनचं सर्किट जाळू शकतो, आणि ते मात्र इअरबडने भरून येत नाही.