आपला खासदार बजेटवर आणि परराष्ट्र धोरणावर खरंच काय बोलला ते कसं शोधायचं

आमच्या सिंधुदुर्गात बॅरिस्टर नाथ पैंचं नाव निघालं की वयस्कर माणसं लगेच म्हणतात, काय बोलायचे हो ते संसदेत. पण नेमकं कशावर, कधी, काय बोलले असं विचारलं की बहुतेकांना पुढे काही सांगता येत नाही, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं एखादं वाक्य पुढे येतं ज्याला ना तारीख ना संदर्भ. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ती भाषणं हरवलेली नाहीत, शब्द न् शब्द छापलेली आहेत आणि आता फुकट घरबसल्या वाचता येतात. फक्त कुठे बघायचं आणि कसं वाचायचं ते माहीत पाहिजे, तेवढंच सांगतो. उदाहरणाला आमचा जुना राजापूर मतदारसंघ घेतो (2008 च्या पुनर्रचनेत तो गेला, आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे), कारण इथून लागोपाठ असे दोन खासदार गेले की एकाकडून परराष्ट्र धोरण शिकावं आणि दुसऱ्याकडून अर्थकारण. 1957, 62 आणि 67 ला नाथ पै, आणि 1971 पासून सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते.

पार्लमेंट डिजिटल लायब्ररी नावाची सरकारी साईट आहे, तिथे पहिल्या लोकसभेपासूनच्या चर्चा स्कॅन करून ठेवल्यात. अलीकडच्या चर्चा संसदेच्या मुख्य साईटवरही मिळतात. आता लोक काय करतात की सरळ नाव टाकतात, शे-दोनशे निकाल येतात नाहीतर काहीच येत नाही, आणि कंटाळून बंद करतात. तसं नका करू. आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या, तुमचा माणूस कितव्या लोकसभेत होता, तेव्हा तो सत्तेत होता की विरोधात, आणि तुम्हाला हवी ती घटना कुठल्या महिन्यातली. दुसरी लोकसभा 1957 ते 62, तिसरी 62 ते 67, चौथी 67 ते डिसेंबर 1970, असं एकदा लावून घेतलं की अर्धं काम झालं. नावाने शोधायचंच असेल तर स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, आडनाव आधी, नाव आधी, प्रोफेसर लावून आणि न लावता. जुन्या स्कॅनमधली अक्षरं कॉम्प्युटरला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे शोधून सापडलं नाही म्हणजे बोललेच नाहीत असं अजिबात समजू नका. एक युक्ती माझ्या फार कामी आली. छापील चर्चेत खासदाराच्या नावापुढे कंसात मतदारसंघ लिहिलेला असतो, तर त्या दिवसाची फाईल उघडून मतदारसंघाच्या नावाने शोधा, नाव चुकलेलं असलं तरी गाव सापडतं.

आता अर्थकारण. बजेटच्या दिवशी अर्थमंत्री बोलतो, खासदार नाही, त्यामुळे त्या तारखेला शोधून काही हाताला लागत नाही. खासदाराला बोलायची संधी नंतर टप्प्याटप्प्याने येते. आधी बजेटवरची सर्वसाधारण चर्चा, मग एकेका खात्याच्या अनुदानाच्या मागण्या (म्हणजे त्या खात्याच्या खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेले पैसे), आणि शेवटी करांचे प्रस्ताव असलेलं वित्त विधेयक. 2017 पासून बजेट 1 फेब्रुवारीला येतं पण त्याआधी ते फेब्रुवारीच्या अखेरीस यायचं, म्हणून जुन्या काळात सर्वसाधारण चर्चा बहुतेक मार्चमध्ये आणि वित्त विधेयक एप्रिल-मेकडे सापडेल. यातलं सर्वसाधारण चर्चेचं भाषण ऐकायला छान असतं, पण माझ्या मते खासदाराचा खरा अभ्यास वित्त विधेयकावर दिसतो, कारण तिथे कर, कलम, दर असं नेमकं बोलावं लागतं, नुसत्या गरिबांच्या कळवळ्यावर भागत नाही.

कपात सूचना, म्हणजे खात्याच्या मागणीतले पैसे कमी करा अशी खासदाराने दिलेली सूचना, हा प्रकार लोक बघतच नाहीत, तो आवर्जून बघा. मागणी 1 रुपयावर आणा असं सुचवलं असेल तर त्याचा अर्थ सरकारचं त्या खात्याचं धोरणच मान्य नाही. 100 रुपये कमी करा असं असेल तर एखादी ठराविक तक्रार मांडायची आहे. आणि ठराविक मोठी रक्कम कमी करा म्हटलं असेल तर उधळपट्टी चाललीय असं म्हणणं आहे. सरकारकडे बहुमत असतं त्यामुळे त्या मंजूर होत नाहीत, पण खासदाराचं लक्ष कुठे होतं ते त्या यादीत स्वच्छ कळतं, कधीकधी भाषणापेक्षाही जास्त. आणि हो, सगळ्या खात्यांवर चर्चा होत नाही, वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात, तेव्हा तुमचा खासदार शेतीवर बोलला नाही म्हणून चिडण्याआधी त्या वर्षी शेतीची मागणी चर्चेला आली होती का ते बघून घ्या.

दंडवतेंचं उदाहरण यासाठी सोन्यासारखं आहे. 1971 ला ते निवडून आले तेव्हा समोर अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण, म्हणजे बजेट मांडणारे कराडचे आणि विरोधी बाकावर राजापूरचे. पुढे आठव्या लोकसभेत 1989 चं बजेट मांडलं शंकरराव चव्हाणांनी, दंडवते तेव्हाही विरोधात. आणि त्यानंतरचं बजेट, 19 मार्च 1990 चं, मांडलं खुद्द दंडवतेंनी. सोने नियंत्रण कायदा रद्द करायची घोषणा याच बजेटमधली, शेतकऱ्यांची 10,000 रुपयांपर्यंतची कर्जमाफी याच सरकारची, आणि इन्कम टॅक्सची मर्यादा 18,000 वरून 22,000 झाली ती पण यातच. तर करायचं असं, आठव्या लोकसभेतली त्यांची बजेटवरची भाषणं काढायची, त्यांनी सरकारकडे काय काय मागितलं ते एका बाजूला लिहायचं, मग नवव्या लोकसभेतलं त्यांचं स्वतःचं बजेट आणि त्या चर्चेला त्यांनी दिलेलं उत्तर वाचायचं, आणि खुर्चीत बसल्यावर त्यातलं किती केलं, किती नाही केलं ते समोरासमोर लावायचं. विरोधात असताना बोलणं आणि तिजोरीची चावी हातात आल्यावर बोलणं यातला फरक तपासायची इतकी चांगली संधी फार थोड्या खासदारांच्या बाबतीत मिळते.

अर्थावरचं भाषण चांगलं की नुसतं जोरदार, हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. खासदाराने आकडा कुठून आणला ते बघायचं. सरकारच्याच कागदातला आकडा काढून सरकारलाच विचारलं असेल तर तो माणूस अभ्यास करून आलाय. ही रीत आपल्याकडे गोखल्यांनी घालून दिली, 1902 मध्ये केंद्रीय कायदे मंडळातल्या पहिल्याच बजेट भाषणात त्यांनी सरकार मिरवत होतं ती शिल्लकच धरली, लोक दुष्काळाने पिचलेत आणि तिजोरीत शिल्लक कशी काय, ती वाढीव करांची आहे. तेव्हा सभासदांना बजेटवर मत द्यायचा अधिकारही नव्हता, फक्त बोलता यायचं. तरी पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून 2 रुपयांवर आला.

परराष्ट्र धोरणाचं शोधणं जरा वेगळं आहे, कारण त्याला बजेटसारखं ठरलेलं वेळापत्रक नाही. एक जागा पक्की, परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या. मागणी पैशाची असते पण चर्चा होते जगाची. दुसरी जागा म्हणजे नेहरूंच्या काळात सरकार स्वतःच आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर चर्चेचा प्रस्ताव आणायचं, तर शोधताना आंतरराष्ट्रीय परिस्थिती हे शब्द इंग्रजीत टाकून बघा. बाकी मग स्थगन प्रस्ताव (ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागायचा), मंत्र्यांची निवेदनं, आणि प्रश्नोत्तराचा तास. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, आणि खरी गंमत त्या उपप्रश्नांत असते कारण मंत्र्याकडे त्याचं लिहून आणलेलं उत्तर नसतं. अतारांकितचं उत्तर नुसतं लेखी, आकडे हवे असतील तर तिकडे बघा.

नाथ पैंना वाचायचं तर तारखा धरून वाचा, नाहीतर ते का चिडलेत, कशावर बोट ठेवतायत ते कळत नाही. 28 ऑगस्ट 1959 ला नेहरूंनी लोकसभेत चीनने अक्साई चीनमध्ये बांधलेल्या रस्त्याबद्दल सांगितलं, 7 सप्टेंबरला चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका सभागृहासमोर आली, डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, आणि 8 ते 14 नोव्हेंबर 1962 ला चिनी आक्रमणाच्या ठरावावर चर्चा झाली ज्यात 165 सभासद बोलले. मग पाकिस्तानशी झालेला 1965 चा कच्छ करार आणि 1966 चा ताश्कंद करार. या तारखांच्या आसपासचे दोन-तीन आठवडे चाळा. वेंगुर्ल्याचा हा माणूस लंडनला बॅरिस्टरी शिकलेला, आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचा अध्यक्ष राहिलेला, म्हणजे युरोपातली राजकीय मंडळी त्यांनी जवळून बघितलेली, हे डोक्यात ठेवून वाचलं की त्यांच्या बोलण्यातला आवाका कळतो. आणि पक्ष केवढा, तर 1962 ला प्रजा समाजवादी पक्षाचे लोकसभेत फक्त 12 खासदार. बोलायची वेळ पक्षाच्या संख्येवर वाटली जाते, त्यामुळे छोट्या पक्षाच्या माणसाला काही मिनिटंच मिळतात आणि घंटी वाजते. तेवढ्यात चीन, पाकिस्तान, गोवा सगळं बसवायचं. म्हणून भाषणाची लांबी मोजू नका, त्या वेळेत काय निवडलं ते बघा.

वाचताना काही गोष्टी सांभाळा. जुन्या खंडांत पानांना नाही तर रकान्यांना नंबर असतात, एका पानावर दोन रकाने, दोघांचे नंबर वेगळे, तर नोंद करताना तारीख आणि रकाना क्रमांक लिहा म्हणजे दुसऱ्यालाही ते सापडेल. मध्ये कुणी अडवलं, कुणी हरकत घेतली, तेही छापलेलं असतं, ते गाळून वाचू नका, कारण टोला कुठे बसला ते तिथेच कळतं. कामकाजातून काढून टाकलेले शब्द मात्र तिथे नसतात, ते अंदाजाने भरू नका. अलीकडच्या चर्चांवर असंशोधित असा शिक्का असेल तर तो मजकूर अजून दुरुस्त व्हायचाय, शब्दशः उद्धृत करताना जपून. आणि खासदाराचं भाषण वाचून फाईल बंद करू नका, त्याच चर्चेच्या शेवटी मंत्र्याचं उत्तर असतं ते वाचाच, खासदाराच्या मुद्द्याला उत्तर दिलं की नुसतं माननीय सदस्यांनी चांगला मुद्दा मांडला म्हणून सोडून दिलं, ते कळल्याशिवाय त्या भाषणाचं वजन कळत नाही.

रेकॉर्डमध्ये मोकळी जागा दिसली तर घाई करू नका. दंडवतेंची 1975 च्या मध्यापासून पुढची भाषणं शोधाल तर सापडणार नाहीत. कारण ते तुरुंगात होते, 26 जून 1975 ला बंगळुरात अटक झाली, वाजपेयी आणि अडवाणींबरोबर. आणीबाणीतल्या त्या पहिल्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासही नव्हता. मग 1977 ते 79 ते रेल्वेमंत्री, तेव्हा रेल्वे बजेट वेगळं असायचं, त्यामुळे त्या काळात त्यांना रेल्वेच्या चर्चेत शोधायचं, अर्थखात्याच्या नाही. तसंच 1993 पासून खात्यांच्या स्थायी समित्या आल्यात, वित्ताची वेगळी, परराष्ट्र व्यवहाराची वेगळी, आता प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. आजचे काही खासदार सभागृहात कमी बोलतात पण समितीत खूप काम करतात. समितीच्या बैठका बंद दाराआड असतात, तरी तिचे अहवाल छापले जातात, त्यात कुणी असहमतीची टिपणी जोडली असेल तर ती नावासकट असते, ती नक्की वाचा.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी म्हणेन एकच दिवस घ्या. नोव्हेंबर 1962 च्या त्या आठवड्यातला कुठलाही एक दिवस उघडा, पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत वाचा, संध्याकाळ जाईल पण जाऊ दे. नाथ पै त्या दिवशी नसतील तर दुसऱ्या दिवशीचं उघडा.