मुलांना शिवाजी महाराज सांगताना या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की ठाण्यातल्या पालकांचे निरोप सुरू होतात. "ताई, १९ तारखेला सोसायटीत शिवजयंती आहे. दोन मिनिटांचं भाषण लिहून द्या ना." मूल असतं सहा-सात वर्षांचं. महाराजांशी त्याची पहिली ओळख त्या पाठ केलेल्या भाषणातून व्हावी, ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत एका मुलाने पावनखिंडीचं भाषण केलं. डोक्याला फेटा, कमरेला तलवार, आवाज खणखणीत. एक शब्द अडला नाही. टाळ्या थांबल्यावर पुढे सतरंजीवर बसलेल्या एका मुलीने विचारलं, "पण ते कुठून कुठे चालले होते?" मुलगा आईकडे बघायला लागला. मोठ्यांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही, पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं गेलं. मला ते सहन झालं नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या दोघांना घेऊन मी पार्किंगमध्ये गेले आणि फरशीवर खडूने पन्हाळा काढला, विशाळगड काढला. मधलं अंतर जवळपास ६० किलोमीटर. ठाण्याहून लोकलने निघालात तर नेरळ मागे पडतं आणि कर्जत यायचं असतं, इतकं. आता गाडी नाही, रूळ नाहीत. रात्र आहे, १६६० सालचा जुलै आहे, पाऊस कोसळतोय, पायाखाली चिखल आणि पाठीवर सिद्दी जौहरचं सैन्य. मुलगा म्हणाला, "मग त्यांचे पाय दुखले नसतील?" भाषण पाठ करताना हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता, कारण तिथे कुणी चालतच नव्हतं. मग महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसलेल्या शिवा काशीदांची गोष्ट सांगितली. पकडले गेलो तर काय होणार, हे ठाऊक असूनही ते बसले. भाषणात त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

म्हणून माझ्याकडे नकाशा आधी, गोष्ट नंतर. कागद, फरशी, वाळू, काहीही चालतं. भाषण मागणाऱ्यांना मी आता सरळ सांगते, मुलाला चार आठवडे माझ्याकडे गोष्टी ऐकायला पाठवा, मग त्याचं तो बोलेल. बहुतेकांना तेवढा धीर नसतो.

दुसरी चूक म्हणजे सुरुवातच अफजलखानाच्या कोथळ्यापासून करायची. लहान मुलं एकतर घाबरतात, नाहीतर त्यांना तेवढंच आठवतं. त्यांना जावळीचं खोरं सांगा. खानाकडे मोठी फौज, हत्ती, तोफा. मोकळ्या मैदानात तिच्यापुढे टिकणं कठीण. मग महाराजांनी त्याला प्रतापगडाच्या पायथ्याशी, दाट जंगलात का येऊ दिलं? हा प्रश्न टाकून गप्प बसा. आठ वर्षांची पोरं बरोबर उत्तर देतात.

तिसरी चूक मला पहिलीइतकीच खटकते. आपण मुलांना फक्त विजय सांगतो. १६६५ चा पुरंदरचा तह गाळूनच टाकतो, कारण त्यात २३ किल्ले द्यावे लागले आणि हाती १२ उरले. पण परीक्षेत नापास झालेल्या, संघातून वगळलेल्या मुलाला हाच भाग ऐकायचा असतो. पुरंदर लढवताना मुरारबाजी पडले, तह करावा लागला, पुढच्या वर्षी आग्र्यात कैद झाली. नऊ वर्षांचे संभाजीराजे सोबत होते, हे ऐकलं की नऊ वर्षांची श्रोती ताठ बसते. तिथून सुटून, थांबून, तयारी करून १६७० पासून महाराजांनी ते किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. महाराज कधी हरलेच नाहीत असं सांगितलं, तर त्यांनी काय सोसलं हे मुलाला कळणार कसं?

खान म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे शत्रू, असं मुलांच्या कानावर पडू देऊ नका. महाराजांच्या आरमारात दौलतखान होते, आणि पुरंदरला वेढा घालायला आले ते मोगलांचे राजपूत सरदार मिर्झाराजे जयसिंग. दोन्ही नावं एकाच दिवशी सांगा.

मूल नुसतं 'शिवाजी' म्हणालं तर ओरडू नका. तुम्ही 'महाराज' म्हणत राहा, तेही म्हणेल.

सनावळ्यांची प्रश्नमंजुषा दहाव्या वर्षापर्यंत नको.

दिवाळीत रस्त्याकडेला मिळणारा तयार किल्ला आणून त्यावर मावळे मांडू नका. माती, दगड, गोणपाट आणा, हात बरबटू द्या. किल्ला उभा राहत असताना विचारा, "वर पाणी कुठून येणार? दरवाजा शत्रूला दिसू नये म्हणून कुठे ठेवशील?" मग खडकात खोदलेली टाकी आणि दोन बुरुजांच्या मधे दडवलेला रायगडाचा महादरवाजा आपोआप निघतो. तयार किल्ल्यात हे प्रश्नच उरत नाहीत.

इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या हातात एकदम जाडजूड ग्रंथ देऊन "वाच" म्हणणंही तसंच. आधी तुम्ही मोठ्याने वाचा, रोज थोडं, आणि ऐन आग्र्याच्या पहाऱ्यात पुस्तक मिटा. माझं आवडतं वाचन म्हणजे चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराला महाराजांनी पाठवलेलं पत्र. दाणावैरण जपून वापरा, रयतेच्या घरचं काही घेऊ नका, आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल. एवढं राज्य सांभाळणारा माणूस उंदराचाही विचार करतो, हे मुलांना फार आवडतं. ती ते पत्र पुन्हा वाचायला लावतात.

शेवटची चूक सहलीची. पहिलीच सहल रायगडला, तीही मे महिन्यात, रोपवेने वर, फोटो काढून खाली. मुलाला फक्त ऊन आठवतं. आधी घोडबंदर रोडवरच्या गायमुखला जा. तिथली खाडी कल्याणकडूनच येते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि पुढे कल्याण, भिवंडी, पनवेलला महाराजांची जहाजं बांधली जाऊ लागली, हे त्या पाण्याकडे बघत सांगा. मग लोकलने कल्याण, दुर्गाडी किल्ला. नवी मुंबईकरांनी पनवेलपासून सुरुवात करावी. रायगड त्यानंतर, थंडीत, पायऱ्यांनी चढून.