स्कायरिम क्रॅश होतंय? आधी मॉड अर्धे करा

स्कायरिम गेममध्ये साठ मॉड (चाहत्यांनी बनवलेल्या जोडण्या) टाकलेत आणि गेम मध्येच बंद पडून डेस्कटॉपवर येतो, तर एकेक मॉड बंद करत बसू नका. मॉड मॅनेजरमध्ये अर्धे बंद करा, तीस. क्रॅश थांबला तर दोषी बंद केलेल्यांत, नाहीतर चालू असलेल्यांत. परत अर्धे. पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. मात्र एखाद्या मॉडचा मास्टर, म्हणजे ज्यावर तो अवलंबून आहे तो मॉड, बंद झाला, तर गेम सुरू होतानाच पडतो आणि तपास भलतीकडे जातो. म्हणून मास्टर आणि त्यावर टेकलेले मॉड एकाच गटात ठेवा.

ही चाचणी चालू सेव्हवर कधीच नको. काढलेल्या मॉडच्या स्क्रिप्टचे (त्यातल्या छोट्या प्रोग्रामचे) अवशेष सेव्हमध्ये राहतात, म्हणजे नवा घोळ. त्याऐवजी मेन मेनूत कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'coc riverwood' टाइप करा, सेव्ह न उघडता थेट रिव्हरवुड गावात उतराल.

दोन मॉड एकाच वस्तूला हात लावत असतील, तर लोड ऑर्डरमध्ये, म्हणजे मॉड लोड होण्याच्या क्रमात, खालचा जिंकतो. पुष्कळदा 'बग' म्हणून ओरड होते ती याचीच.

आणि पावसाळ्यात रत्नागिरी-मालवणकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सेव्ह लिहिताना गेली, तर फाइल अर्धवटच. क्विकसेव्हवर विसंबू नका, नवी नवी सेव्ह करा. सेव्हचं फोल्डर आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या, '.ess' या मुख्य सेव्ह फाइलसोबतची '.skse' फाइलही (स्क्रिप्ट एक्स्टेंडर या जोड-प्रोग्रामची) घ्या, ती नेमकी विसरते.