जुना गिझर बदलताना काय घ्यावं आणि कोटेशन कसं वाचावं

दिवाळीची पहिली आंघोळ, पहाटेचे साडेचार. होळीपासून बंद असलेल्या गिझरचं बटन दाबलं आणि थोड्याच वेळात न्हाणीच्या भिंतीवरून तांबडा ओघळ खाली यायला लागला. आमचा गिझर गेला तो असा. आईनं काही न बोलता अंगणात तीन विटा मांडल्या, पऱ्हाट्या पेटवल्या आणि हंडा चढवला. नवीन गिझर घेण्यात पुढचे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मला एक गोष्ट कळली. आपण डब्याची किंमत विचारत बसतो, पण घरातल्या माणसांचा जीव ज्यावर अवलंबून असतो ती कामं कोटेशनवर लिहिलेलीच नसतात.

आधी बघा, खरंच बदलायचा आहे का

पाणी तापत नाही, पण गळतही नाही, अशा वेळी बहुतेकदा एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) किंवा थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा स्विच) गेलेला असतो. दोन्ही सुटे मिळतात आणि तासाभरात बसतात. त्यासाठी अख्खा गिझर बदलू नका. आतली टाकीच गळत असेल तर मात्र दुरुस्ती करून घेऊ नका. एम-सील लावून देणारा भेटेल, पण तो लेप टिकत नाही, आणि गळणारं पाणी विजेच्या जोडणीवर जातं.

गिझरला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर त्या घडीला मेन स्विच बंद करा. वायरमन येऊन बघेपर्यंत त्या न्हाणीत कोणीही ओल्या अंगानं उभं राहू नये.

मग पाणी ओळखा

आपल्याकडे गिझर मरतो तो बहुधा पाण्यामुळे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथलं बोअरचं पाणी खारट. बाकी विदर्भातही बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. ओळख सोपी आहे: साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, हंड्याच्या बुडाशी चुन्यासारखा थर बसतो. हाच थर गिझरच्या एलिमेंटवर चढतो. मग उष्णता पाण्यात उतरत नाही, एलिमेंट आतल्या आत तापून जळतो.

नक्की आकडा हवा असेल तर ग्रामपंचायतीत पाणी तपासायच्या किटबद्दल विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायांना ही तपासणी शिकवली आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे. तुमचा आकडा याच्या वर असेल तर वॉरंटी कार्डावरचं बारीक अक्षर वाचाच. काही कंपन्या ठरावीक कठीणपणाच्या वर वॉरंटी देत नाहीत, आणि हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

खारट पाण्याला स्टेनलेस स्टीलची टाकी चांगली, असं दुकानदार सांगतो. मला हे पटत नाही. खारट पाण्यातल्या क्लोराइडनं स्टीललाही बारीक छिद्रं पडतात. अशा पाण्यासाठी आतून काचेचा थर दिलेली टाकी आणि तिच्यात मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असलेला गिझर घ्यावा. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. जड पाण्यात तो दरवर्षी उघडून बघावा लागतो आणि झिजला की बदलावा लागतो. आमच्या जुन्या गिझरचा रॉड काढला तेव्हा त्याची नुसती तार उरली होती. सात वर्षांत तो कोणी उघडूनच पाहिला नव्हता.

किती लिटरचा

२० अंशांचं गार पाणी आणि ६० अंशांचं कडक पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की ४० अंशांचं, अंगावर घ्यायला बरं असं पाणी होतं. म्हणजे १५ लिटरच्या गिझरमधून ३० लिटर, दोन बादल्या निघतात. दोघांच्या आंघोळी झाल्या की पुन्हा वीसेक मिनिटं थांबायचं. चार-पाच माणसांच्या घराला एवढं पुरतं, फक्त आंघोळींचा क्रम लावावा लागतो. सगळ्यांना सकाळी एकाच बसनं निघायचं असेल तर २५ लिटरचा घ्या.

भिंतीवरचा छोटा, तीन लिटरचा 'इन्स्टंट' स्वस्त मिळतो. पण तो ३ किलोवॅटचा असतो, आणि गावात सकाळी व्होल्टेज पडलेलं असतं. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले की एलिमेंटची ताकद साठ टक्क्यांवर येते. इन्स्टंटमधून मग कोमट धार पडते. साठवणीचा गिझर अशा वेळी फक्त जास्त वेळ घेतो, पाणी मात्र तापवतो. म्हणून गावात २ किलोवॅटचा साठवणीचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर आयएसआय मार्क आणि वीजबचतीचे बीईईचे स्टार बघून घ्या. '८ बारचा आहे', म्हणजे तेवढा पाण्याचा दाब सोसतो, म्हणून जास्त पैसे देऊ नका. छतावरची टाकी दहा फूट वर असली तरी दाब ०.३ बारच येतो. प्रेशर पंप असेल तर गोष्ट वेगळी.

गॅस गिझर बंद न्हाणीत लावू नका. गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, माणूस आंघोळ करता करताच बेशुद्ध पडतो. लावायचाच असेल तर गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि नुसता पाइप आत घ्या.

सोलरचा हिशेब

आपल्याकडे थंडीत आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे सोलर हिटर डिसेंबर-जानेवारीतही छान चालतो. पण ऊन पाणी आपल्याला लागतं चारच महिने. मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणीच हात पोळेल इतकं तापतं. पाच माणसांच्या आंघोळीला थंडीत रोज सुमारे दोन युनिट लागतात, म्हणजे हंगामाचे २४० च्या आसपास. हे युनिट महावितरणच्या १०० युनिटांच्या वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात का, ते मागच्या थंडीच्या बिलावर बघा आणि त्या रकमेवरून सोलर किती वर्षांत फिटेल ते काढा. घर मोठं असेल किंवा दुधाची भांडी धुवायला बारा महिने गरम पाणी लागत असेल, तर सोलर घ्या. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा बरा, कारण तांब्याच्या बारीक पाइपांत थर बसून ते बुजतात. मात्र वानरं आणि गारपीट दोन्ही नळ्या फोडतात. म्हणून वर जाळी आणि सुट्या नळीची किंमत दोन्ही कोटेशनवर लिहून घ्या.

आता कोटेशन

आम्हाला दोन कोटेशनं आली. पहिल्यावर एकच ओळ: '१५ लिटर गिझर फिटिंगसह, ९,५००.' दुसरं पानभर लांब, १३,६०० चं. बाबा पहिल्याला हो म्हणायच्या बेतात होते. मी पहिल्याला फोन लावून एकेक विचारत गेलो.

"भाऊ, अर्थिंगचं काय?"

"ते वेगळं लागते जी. आणि तसं गावात कोणी करत नाही."

अर्थिंग १,८००, आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) १,७००, वायर आणि एमसीबी (वायरवर जास्त भार आला की पडणारा स्विच) ९००, गरम पाण्याचा पाइप ६००. सगळं मिळून ५,०००, म्हणजे एकूण १४,५००. स्वस्त दिसणारं कोटेशन नऊशेंनी महाग निघालं.

तुमच्या कोटेशनवर पुढच्या गोष्टी नावानिशी हव्यात. गिझरची कंपनी, मॉडेल आणि लिटर. वॉरंटी तीन ठिकाणी वेगळी: टाकीची किती वर्षं, एलिमेंटची किती, बाकीची किती. जीएसटी धरून की वेगळा. मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र अडीच एमएम तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी. टीव्हीच्या बोर्डावरून काढलेली वायर चालणार नाही. पाइप सीपीव्हीसीचा, कारण साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्यानं वाकतो. सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि त्याचं तोंड मोकळं. तो कधीतरी ठिबकतो म्हणून त्यात बूच ठोकणारा मिस्त्री भेटला, तर त्याला तिथेच थांबवा. दाब निघायला वाट नसेल तर टाकी फुटते.

भिंत मातीची असेल तर तेही आधी सांगा. १५ लिटरचा भरलेला गिझर पंचवीस किलोच्या घरात जातो आणि मातीत फास्टनर धरत नाही. भिंतीच्या आरपार बोल्ट किंवा लोखंडी स्टँड लागतो, आणि त्याचे पैसे कोटेशनवरच हवेत.

अर्थिंगवर मी सगळ्यात जास्त हटून बसलो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि असलेलं अर्थिंगही निकामी होतं. वायरमनला ते तुमच्यासमोर अर्थ टेस्टरनं मोजायला लावा. पाच ओहमच्या आत आलं तर चांगलं. नसेल येत तर खड्डा नव्यानं करा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा. त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. करंट अंगातून जायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. 'एमसीबी आहे ना' असं कोणी म्हणालं तर मानू नका. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. आणि काम करणाऱ्याकडे वायरमनचा परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका.

बिलावर छापलेला मंजूर भारही बघून घ्या. तो एक किलोवॅट असेल तर दोन किलोवॅटच्या गिझरसाठी महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज करावा लागेल.

बसवायच्या दिवशी

सगळे पैसे आधी देऊ नका, थोडे हातात ठेवा. गिझर टांगून झाला की वीज लावायच्या आधी गरम पाण्याचा नळ उघडा. त्यातून सलग धार येईपर्यंत थांबा, कारण रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू केला तर तो पहिल्याच दिवशी जळतो. मग आरसीसीबीचं टेस्ट बटन स्वतः दाबा. वीज लगेच गेली पाहिजे. जोडांवर कोरडा कागद फिरवून ओल दिसते का बघा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख पडली, पक्कं बिल हातात आलं, की उरलेले पैसे द्या.

आमचा जुना रॉड मी वायरमनकडून मागून घेतला आणि न्हाणीच्या खिळ्याला टांगला. कोजागिरी झाली की तो बघून नव्या गिझरचा रॉड तपासायची आठवण होते.